सही पुसली गेली तर हक्क उरतो का?

कॉपीराइटचा विषय निघाला की चित्रकार आणि फोटोग्राफर हमखास विचारतात, "मी माझं काम कुठे रजिस्टर केलेलं नाही. मग त्यावर माझा हक्क आहे की नाही?" उत्तर एका शब्दात देता येतं: आहे. पण हा एक शब्द शाबूत राहावा म्हणून अमेरिकेत, ब्रिटनमध्ये आणि आता आपल्याकडेही कलावंतांना का भांडावं लागतंय, हे समजून घ्यायला थोडं मागे जावं लागेल.

१. हक्क जन्मतो तेव्हा साक्षीला कुणी नसतं

चित्र कागदावर, कॅनव्हासवर किंवा टॅबलेटच्या पडद्यावर उतरलं की त्याचा कॉपीराइट तयार झाला. अर्ज नको, शिक्का नको, कोपऱ्यात गोलातला 'सी' काढायचीही गरज नाही. आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा आणि तो लागू झाला २१ जानेवारी १९५८ ला. त्यात नोंदणीची सोय आहे, पण ती ऐच्छिक. एका चित्राच्या नोंदणीला ५०० रुपये पडतात. तेच चित्र एखाद्या मालासाठी, म्हणजे लेबल वगैरे म्हणून, वापरायचं असेल तर २,०००. कुणाची हरकत येते का हे पाहायला ३० दिवस थांबावं लागतं. एवढं करून हाती काय येतं? पुरावा. हक्क तर आधीपासूनच तुमचा असतो.

याबद्दल आपल्याकडे कोर्टातही गोंधळ होता. मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१२ च्या एका निकालाचा अर्थ असा निघत होता की नोंदणी नसेल तर दावाच चालणार नाही. पुढे खाद्यतेलाच्या वेष्टनावरच्या लेबलाचं एक भांडण न्यायमूर्ती गौतम पटेल यांच्यापुढे आलं आणि २०२१ मध्ये त्यांनी नोंदणी सक्तीची नाही, असं स्वच्छ सांगितलं. कॉपीराइटचे मोठमोठे प्रश्न पुष्कळदा अशा तेलाच्या पाकिटांवरच सुटतात!

हा हक्क टिकतो किती? दीनानाथ दलालांचं उदाहरण घेऊ. गोव्यात जन्मलेल्या या चित्रकाराने मराठी पुस्तकांच्या मुखपृष्ठांना आणि दिवाळी अंकांना एक चेहरा दिला. ते १९७१ मध्ये गेले. कायदा कलावंताच्या मृत्यूनंतर येणाऱ्या १ जानेवारीपासून ६० वर्षं मोजतो. म्हणजे १ जानेवारी १९७२ ला मोजणी सुरू झाली आणि ३१ डिसेंबर २०३१ ला ती संपेल. तोवर त्यांच्या चित्रांचा हक्क कुणाचा तरी आहे: वारसांचा किंवा त्यांनी लेखी करार करून ज्यांना दिला असेल त्यांचा.

जाता जाता एक गोष्ट, कारण ती फार थोड्या चित्रकारांना ठाऊक असते. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी करार लागतो. त्या करारात मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती पाच वर्षंच धरतो. मुखपृष्ठाचं मानधन घेऊन व्हाउचरवर सही केली म्हणजे चित्र कायमचं गेलं, असं समजणाऱ्यांनी ते व्हाउचर पुन्हा काढून वाचावं. मात्र चित्र नोकरीत असताना नोकरीचा भाग म्हणून काढलं असेल, किंवा कुणी पैसे देऊन सांगितल्यावरून पोर्ट्रेट वा फोटो काढला असेल, तर वेगळा करार नसल्यास पहिला मालक नोकरी देणारा किंवा काम सांगणाराच ठरतो. तुमच्या लग्नाच्या फोटोंचा हक्क बहुधा फोटोग्राफरकडे नसून तुमच्याकडे किंवा ज्याने त्याचे पैसे दिले त्या मामाकडे असतो.

२. एका ओळीमुळे गेलेला सिनेमा

हे सगळं आपल्याला साहजिक वाटतं, कारण आपण बर्न करारातले. हा आंतरराष्ट्रीय करार १८८६ चा. भारत त्यात १९२८ पासून आहे. १९०८ साली या करारात ठरलं की कलावंताला हक्क मिळण्यासाठी कोणतीही औपचारिक अट घालायची नाही. एकट्या खोलीत बसून काम करणाऱ्या माणसाला कचेऱ्यांचे हेलपाटे घालायला लावू नयेत, हा त्यामागचा विचार.

अमेरिका मात्र या करारात १९८९ मध्ये आली. त्याआधी तिथे वेगळाच कारभार होता. १९७८ पर्यंत कृती प्रसिद्ध करताना तिच्यावर कॉपीराइटची सूचना छापावी लागे. ती राहिली तर हक्क गेला. शिवाय २८ वर्षांनी नूतनीकरण करावं लागे. ते विसरलं तरी गेला.

जॉर्ज रोमेरो यांचा 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' हा १९६८ चा भयपट आठवा. आज झोंबींचे जे शेकडो सिनेमे निघतात त्यांचा हा मूळपुरुष. त्याचं नाव आधी दुसरंच होतं. वितरकाने ते बदलून नवी नावपट्टी बनवली आणि जुन्या पट्टीवर असलेली कॉपीराइटची ओळ नव्या पट्टीवर टाकायची राहून गेली. तेवढ्यावर सिनेमा सार्वजनिक झाला. कुणीही त्याची प्रत काढावी, विकावी, दाखवावी. चूक वितरकाची होती आणि नुकसान झालं ते सिनेमा बनवणाऱ्यांचं.

अमेरिकन कलावंतांच्या मनातली भीती समजायला ही गोष्ट लक्षात ठेवावी लागते. हक्क आपोआप मिळणं त्यांच्या दृष्टीने ताजी कमाई आहे, आणि ती नसताना काय होत असे हे त्यांच्यातल्या वडीलधाऱ्यांनी पाहिलेलं आहे.

३. बेवारस कृती म्हणजे काय?

आता नाण्याची दुसरी बाजू. हक्क आपोआप मिळतो, नोंद कुठेच नसते आणि मुदत साठ-सत्तर वर्षांची असते. याचा परिणाम काय होतो?

समजा, १९७४ च्या एका दिवाळी अंकातलं कथाचित्र तुम्हाला प्रदर्शनात लावायचं आहे, प्रदर्शनाच्या पुस्तिकेत छापायचं आहे. चित्राच्या खालच्या कोपऱ्यात दोन अक्षरं आहेत, तीही छपाईत अर्धी कापली गेलेली. अंकाच्या अनुक्रमणिकेत 'सजावट' या शब्दापुढे तीन नावं आहेत. कोणतं चित्र कुणाचं, याचा उलगडा नाही. अंक बंद पडला, संपादक वारले, छापखान्याच्या जागी इमारत उभी राहिली. परवानगी मागायची कुणाकडे? हक्काचा मालक कुठेतरी आहे, पण सापडत नाही. अशा कृतींना इंग्रजी कायद्याच्या जगात 'ऑर्फन वर्क्स' म्हणतात, आपण बेवारस कृती म्हणू.

हा प्रश्न खोटा नाही. ग्रंथालयं, संग्रहालयं, अभिलेखागारं यांच्या कपाटांत अशा लाखो वस्तू आहेत. वॉशिंग्टनमधल्या होलोकॉस्ट स्मृती संग्रहालयाने अमेरिकन संसदेपुढे नेमकी हीच अडचण मांडली होती: फोटो आहेत, कागद आहेत, पण कुणाचे ते कळत नाही आणि म्हणून ते लोकांपुढे नीट आणता येत नाहीत. आजीच्या लग्नाचा फाटका फोटो नवा करून द्यायला अमेरिकेतले स्टुडिओ नकार देतात, कारण मूळ फोटोग्राफर कोण ते माहीत नसतं.

आपल्या कायद्यात यासाठी कलम ३१ए आहे. लेखक-कलावंत मृत, अज्ञात किंवा सापडेनासा असेल तर आधी वर्तमानपत्रात आपला प्रस्ताव जाहीर करायचा आणि मग परवान्यासाठी अर्ज करायचा. पूर्वी तो कॉपीराइट मंडळाकडे जाई, आता न्यायालयाकडे जातो. मानधनाची रक्कम ठरते आणि ती सरकारी खात्यात जमा करावी लागते, म्हणजे मालक उगवला तर त्याला मिळावी. कागदावर सोय बरी आहे. पण गंमत पाहा. ही जाहिरात देशाच्या मोठ्या भागात खपणाऱ्या इंग्रजी दैनिकाच्या एका अंकात द्यायची असते. त्या त्या भाषेतल्या दैनिकात ती द्यावी लागते ती फक्त भाषांतराच्या बाबतीत. म्हणजे मराठी अंकातल्या मराठी चित्रकाराच्या सांगलीतल्या नातवाने एका विशिष्ट दिवशीचं इंग्रजी दैनिक वाचलेलं असलं पाहिजे.

४. २००८ चं विधेयक आणि चित्रकारांचा संताप

अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने जानेवारी २००६ मध्ये बेवारस कृतींवर अहवाल दिला. त्यावरून आधी २००६ मध्ये आणि मग २००८ मध्ये विधेयकं आली. कल्पना थोडक्यात अशी: एखाद्याने मालकाचा 'वाजवी शोध' घेतला, तो सापडला नाही आणि मग कृती वापरली, पुढे मालक समोर आला, तर त्याला फक्त 'वाजवी मोबदला' द्यायचा. मोठा दंड नाही, वकिलाचा खर्च नाही.

देवळाबाहेर काढलेल्या चपलांचा विचार करा. तुमच्या चपलेवर नाव नाही. एकाने आसपासच्या चौघांना विचारलं, कुणी 'माझी' म्हणालं नाही, म्हणून तो ती घालून गेला. तुम्ही दर्शन घेऊन बाहेर आलात, धावत त्याला गाठलंत, तर तो म्हणतो, "मी रीतसर विचारलं होतं. घ्या चपलेची किंमत." आणि किंमत वाजवी आहे की नाही यावर वाद घालायचा असेल तर वकील तुम्ही तुमच्या पैशाने करायचा.

ब्रॅड हॉलंड यांच्यासारखे नामवंत चित्रकार आणि त्यांची इलस्ट्रेटर्स पार्टनरशिप ही संस्था या विधेयकाविरुद्ध उभी राहिली. त्या वसंतात ईमेलचा पूर आला. 'तुमच्या चित्रांवरचा सगळा हक्क जाणार' असं त्यातल्या काहींत म्हटलं होतं. हे खरं नव्हतं. विधेयकाने हक्क काढून घेतला नव्हता आणि शोध न घेता वापरणाऱ्याला सूटही नव्हती. अतिशयोक्तीने या मंडळींचं नुकसानच झालं, कारण विरोधकांना 'हे कलावंत विधेयक न वाचताच ओरडतात' असं म्हणता आलं.

पण आकडे मांडले की त्यांच्या भीतीतला खरा भाग दिसतो. अमेरिकन कायद्यात वेळेवर नोंदणी केलेली कृती कुणी चोरली तर न्यायालय दर कृतीमागे ७५० ते ३०,००० डॉलर दंड लावू शकतं. मुद्दाम चोरली असेल तर १,५०,००० पर्यंत. आता समजा, एका पोस्टरसाठी चित्र वापरण्याचा बाजारभाव ३०० डॉलर आहे. आधी परवानगी मागितली तर ३०० द्यावे लागतात. शोध घेतल्याचं दाखवून न विचारता वापरलं आणि पकडलं गेलं, तर नव्या नियमाने तेच ३००. पकडलं गेलं नाही तर शून्य. मग आधी विचारायचं कशाला? दंड हा चित्रकाराच्या हातातला सोटा होता. चित्रकार तो क्वचितच उगारत असे, पण समोरच्याला तो दिसत असे.

दुसरी अडचण डेटाबेसची. 'वाजवी शोध' कुठे घ्यायचा? खासगी कंपन्यांनी चालवलेल्या चित्रसूच्यांमध्ये. म्हणजे आपलं काम बेवारस ठरू नये असं वाटत असेल तर ते तिथे नोंदवा. कादंबरीकार दोन वर्षांत एक पुस्तक लिहितो, एक नोंद करतो. कथाचित्रकार वर्षाला दोनशे चित्रं काढतो. फोटोग्राफर एका दुपारी तेवढ्या फ्रेम टिपतो. आपल्या दराने हिशेब केला तर दोनशे चित्रांचे ५०० रुपयांनी एक लाख होतात, आणि रेखाटनं, बाद झालेली कामं, जुने गठ्ठे यांचा अजून विचारही केलेला नाही. त्यात फोटोच्या फाइलमध्ये दडवलेली नाव-पत्त्याची माहिती बऱ्याच समाजमाध्यमांवर चढवतानाच पुसली जाते. चित्र आज काढलं आणि चार वेळा फॉरवर्ड झालं की संध्याकाळपर्यंत बेवारस.

सिनेटने ते विधेयक २६ सप्टेंबर २००८ ला मंजूर केलं. त्याच दिवसांत अमेरिकेतल्या बँका कोसळत होत्या. प्रतिनिधिगृहाला चित्रांकडे बघायला सवड नव्हती आणि विधेयक बारगळलं. ब्रिटनमध्येही २०१० साली फोटोग्राफरांनी 'स्टॉप ४३' नावाची मोहीम चालवून असंच एक कलम गाळायला लावलं. २०१३ मध्ये कायदा झाला, पण सुधारलेल्या रूपात: शोध घ्या, सरकारी कार्यालयाकडे अर्ज करा, पैसे आधी भरा, मग सात वर्षांपर्यंतचा परवाना घ्या. मला हा मार्ग अमेरिकन विधेयकापेक्षा कितीतरी सरळ वाटतो. पैसे आधी, वापर नंतर.

५. "नको म्हणाला नाहीत, म्हणजे चालेल"

बेवारस चित्रांचा वाद निवळतो न निवळतो तोच कृत्रिम बुद्धिमत्ता आली. ही यंत्रं चित्रं, गाणी, पुस्तकं यांच्या प्रचंड साठ्यावर शिकवली जातात. हे शिकवणं म्हणजे प्रत काढणं का, त्यासाठी परवानगी लागते का, यावर जगभर खटले चालू आहेत.

ब्रिटिश सरकारने १७ डिसेंबर २०२४ ला एक प्रस्ताव लोकांपुढे ठेवला. सरकारची पसंती अशी होती की कंपन्यांना शिकवणीसाठी कृती वापरायची मुभा असावी, आणि ज्या कलावंताला हे नको असेल त्याने तसं आधी कळवावं. एरवी वापरणारा परवानगी मागतो. इथे मालकाने नकार नोंदवायचा. चौथ्या भागात पाहिलेलं ओझं हेच, फक्त आता ते सापडेनाशा मालकांपुरतं राहिलं नव्हतं. ज्यांना अख्खं जग ओळखतं त्या पॉल मॅकार्टनी आणि एल्टन जॉन या गायकांनाही ते लागू होणार होतं, आणि दोघांनीही जाहीर विरोध केला.

नकार नोंदवणं सोपं का नाही? तुमच्या स्वतःच्या वेबसाइटवर तुम्ही 'शिरकाव नको' अशी सूचना यंत्रांसाठी ठेवू शकता. पण तुमचं चित्र प्रकाशकाच्या साइटवर असतं, ऑनलाइन दुकानाच्या पानावर असतं, कुणा चाहत्याच्या ब्लॉगवर असतं. तिथे सूचना कोण लावणार? आणि यंत्र आधीच शिकून बसलं असेल तर ते विसरायला कसं लावणार?

२५ फेब्रुवारी २०२५ ला, सूचना पाठवण्याच्या शेवटच्या दिवशी, हजाराहून अधिक संगीतकारांनी मिळून एक अल्बम काढला. त्यात बारा ट्रॅक होते आणि एकातही गाणं नव्हतं. रिकाम्या स्टुडिओंतला आणि सभागृहांतला नुसता आवाज. बारा ट्रॅकची नावं ओळीने वाचली की सरकारने संगीताची चोरी कायदेशीर करू नये, असं वाक्य तयार होत होतं. केट बुश त्यात होत्या. निषेध असा असावा, वाजवून दाखवता येणारा.

सरकारकडे साडेअकरा हजारांहून जास्त प्रतिक्रिया आल्या. उमरावांच्या सभागृहात बॅरोनेस किड्रन यांनी मुद्दा आणखी धारदार केला: कंपन्यांनी कुणाचं काय वापरलं ते निदान सांगावं तरी. ही दुरुस्ती दोन सभागृहांमध्ये वारंवार ये-जा करत राहिली. शेवटी १९ जून २०२५ ला डेटाविषयक कायदा झाला, तो या दुरुस्तीविनाच. सरकारने अहवाल देण्याचं आश्वासन तेवढं दिलं. किड्रन बाईंची मागणी मला या सगळ्या गदारोळातली सर्वांत शहाणी वाटते. आपली वस्तू गेली हेच कळत नसेल तर नकार काय आणि मोबदला काय, दोन्ही कागदावरच राहतात.

६. नोंदणी मागच्या दाराने

सुरुवातीच्या प्रश्नाला मी 'आहे' असं ठणकावून उत्तर दिलं. आता त्यात थोडं पाणी घालावं लागतं.

अमेरिकेत अँथ्रॉपिक या कंपनीवर लेखकांनी खटला भरला होता. पायरसीच्या संकेतस्थळांवरून कंपनीने पुस्तकं उतरवून घेतली, ही त्यातली मुख्य तक्रार. २०२५ मध्ये १.५ अब्ज डॉलरवर तडजोड ठरली. पुस्तकामागे सुमारे ३,००० डॉलर. रक्कम मोठी आहे. पण दावेदारांत बसायला एक अट होती: पुस्तकाची अमेरिकन कॉपीराइट कार्यालयात ठरावीक मुदतीत नोंदणी झालेली हवी. अमेरिकेबाहेरचे बहुतेक लेखक तिथे कधी नोंदणी करत नाहीत, त्यांना तशी गरजच वाटत नाही. मराठीत लिहिणारा लेखक तर सोडाच. त्याचं पुस्तक त्याच ढिगात असलं तरी त्याचा हक्क होता आणि पैसे नव्हते.

७. भारताचा तोडगा

आपल्याकडे केंद्र सरकारच्या उद्योग संवर्धन विभागाने नेमलेल्या समितीने डिसेंबर २०२५ मध्ये आपला मसुदा जाहीर केला. तो ब्रिटनच्या प्रस्तावापेक्षा अगदी वेगळा आहे. कायदेशीरपणे मिळवलेली कोणतीही कृती यंत्राला शिकवायला वापरण्याचा सरसकट परवाना कंपन्यांना मिळावा, कलावंताला नकार देता येऊ नये, पण मोबदला मात्र मिळावा, असं तो सांगतो. पैसे कंपनीच्या कमाईतून यावेत, दर सरकारने नेमलेल्या समितीने ठरवावा आणि वाटप हक्कधारकांच्या एका मध्यवर्ती संस्थेने करावं.

यावर दोन्ही बाजू नाराज आहेत. कंपन्यांच्या बाजूने नॅसकॉमने हा एक प्रकारचा करच असल्याचं म्हटलं. कलावंतांचं दुखणं वेगळं. 'नाही' म्हणण्याचा हक्क हा कॉपीराइटचा कणा. तो काढून त्याऐवजी ठरावीक दराचा चेक हाती द्यायचा, तर भाव करायला काय उरलं? तरीही मला हा मसुदा एकदम झिडकारावासा वाटत नाही. नकार नोंदवायला ज्याच्याकडे वेळ, पैसा, वकील नाही अशा कोल्हापूरच्या किंवा फोंड्याच्या चित्रकाराला ब्रिटिश पद्धतीत काहीच मिळालं नसतं. इथे निदान पैशाची वाट तरी आहे.

पण त्या वाटेवरही एक फाटक आहे. मोबदला हवा असेल तर संस्थेच्या यादीत आपली कृती नोंदवावी लागेल, असं मसुदा सांगतो. गाण्यांच्या बाबतीत हे जमेल. गीतकार-संगीतकारांची आयपीआरएस ही संस्था १९६९ पासून आहे, कोणतं गाणं कुणाचं याचे तक्ते तिच्याकडे आहेत. चित्रांचे असे तक्ते कुणाकडे आहेत? कथाचित्र, मुखपृष्ठ, व्यंगचित्र, बालपुस्तकातलं पानभर चित्र यांच्या खाली पुष्कळदा चित्रकाराचं नावच नसतं. पुस्तकाची नोंद प्रकाशक करेल, लेखकाचा वाटा लेखकाला जाईल. आतल्या चाळीस चित्रांचा वाटा वेगळा काढायचा की नाही, काढला तर तो चित्रकाराचा की पाच वर्षांपूर्वी करार संपलेल्या प्रकाशकाचा, हे ठरवायला त्या चित्रकाराकडे करार असावा लागेल. कित्येकांकडे तो नसतो, फोनवर ठरलेलं असतं.